वयाच्या ३९ व्या वर्षी वाटू लागले आहे की मला ॲस्पर्जर, म्हणजे ऑटिझमचा एक प्रकार, असावा. तपासणी करून घ्यावी का?

केळफूल

नमस्कार. मी जळगावला राहते आणि गेली १४ वर्षे कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब सांभाळते. माहेर चोपडा तालुक्यातले. दोन महिन्यांपूर्वी माझ्या साडेपाच वर्षांच्या भाच्याला तपासणीसाठी नाशिकला नेले होते. भाऊ, वहिनी, आई आणि सोबतीला मी. भाचा बोलतो पुष्कळ, पण समोरच्याशी बोलत नाही. पंख्याची पाती किती, तो किती वेगाने फिरतो, हेच सांगत राहतो. डॉक्टरांनी विचारले, की घरात यापूर्वी असे कोणी होते का. भाऊ आणि वहिनी एकमेकांकडे पाहत असतानाच आई माझ्याकडे बोट दाखवून सहज म्हणाली, "हाई बी अशीच व्हती." तिला त्यात विशेष काही वाटले नाही आणि डॉक्टरही पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी मात्र त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात स्वतःसाठी देत गेले, आणि परतीच्या गाडीत जळगाव येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

आमच्या घरी, गल्लीत, शेतात सगळे अहिराणी बोलतात. मला ती पूर्ण समजते, पण मी लहानपणापासून बोलत आले ते शाळेच्या पुस्तकातले मराठी, तेही क्रियापदापर्यंत पूर्ण केलेल्या वाक्यांत. पाहुणे म्हणत, "हाई पोर पुस्तकसारखी बोलस," आणि मला मास्तरीण हे नाव पडले. लहान होते तोवर त्याचे कौतुक झाले. आठवी-नववीत त्याच बोलण्याला शिष्टपणा म्हणू लागले. मधल्या सुट्टीत मैत्रिणी कशावर हसतात हे मला कळत नसे, म्हणून कोण कधी हसते यावर लक्ष ठेवून मी पाठोपाठ हसायला शिकले. आजही मी तेच करते आणि संध्याकाळपर्यंत इतकी थकते, की घरी आल्यावर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाय ठेवता येत नाही.

वडिलांची केळीची बाग होती. घड कापणीला आले, की मी प्रत्येक घडाच्या फण्या मोजून वहीत लिहीत असे: ओळ कितवी, झाड कितवे, फण्या किती, वजन किती. मला हे कोणी सांगितले नव्हते, पण एखादी ओळ राहून गेली तर रात्री झोप लागत नसे.

श्रावणात कानबाईच्या रोटांना सारी भाऊबंदकी एका घरात जमते. देवीवर माझी श्रद्धा आहे आणि रात्रभर चालणारी गाणी मला सगळी पाठ आहेत. परंतु चाळीस माणसे एकदम बोलू लागली, की प्रत्येकाचा आवाज सारख्याच जोराने डोक्यात शिरतो, आणि मी उठून धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, जाऊन बसते. सासूबाईंना तो माझा गर्व वाटतो. जिनिंगमधल्या यंत्रांच्या घरघरीचा मला कधी त्रास झाला नाही, कारण ती सकाळी सुरू होते आणि बंद होईपर्यंत तशीच राहते; वरातीतला बँड मात्र दोन गल्ल्या पलीकडे वाजला तरी पोटात कळ येते. मागच्या हंगामात शेठजींनी एक बिल माझ्यापुढे ठेवले आणि "एवढे बघून घ्या" म्हणाले. मी ते बघितले, बरोबर होते म्हणून फाईलला लावले. त्यांना ते त्याच दिवशी चुकते करायला हवे होते. चौदा वर्षांत एका पैशाची चूक न केलेल्या मला त्या दिवशी सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागले, आणि आपल्याला जे शब्दांत सांगितलेले नसते ते बाकीच्यांना कुठून ऐकू येते, हा लहानपणापासूनचा प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला.

इंटरनेटवर ५० विधानांची एक प्रश्नावली भरली, तिच्यात ३८ गुण आले. आता माझे प्रश्न असे. या वयात तपासणी करून घेण्याला अर्थ आहे का? आपल्या भागात ती कोण करते? ॲस्पर्जर हे नाव आता वापरात नाही असे वाचले, ते का? मला १३ वर्षांची मुलगी आहे, तिला हे सांगावे का? आणि शेवटचे, जे मी कोणालाही विचारू शकले नाही: मी माझ्या उणिवांसाठी सबब तर शोधत नाही ना?

यार्डातला

ताई, मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला आहे. माझे निदान दोन वर्षांपूर्वी, ४६ व्या वर्षी झाले. तुमचा शेवटचा प्रश्न मी दीड वर्ष उराशी बाळगून बसलो होतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. सबब शोधणारा माणूस काम टाळतो. तुम्ही जे लिहिले आहे त्यात एकही काम टाळलेले मला दिसले नाही. उलट दुसऱ्यांना जे फुकटात येते ते तुम्ही रोज मेहनतीने करता आहात.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हणाले, की तुम्हाला नोकरी आहे, बायको आहे, दोन मुले आहेत, तेव्हा असले काही असूच शकत नाही. त्यांनी नैराश्याची औषधे दिली. झोप सुधारली हे मला मान्य केले पाहिजे, पण मूळ कोडे सुटले नाही. नंतर पुण्याला तीन बैठका झाल्या. आई हयात नसल्याने थोरल्या बहिणीला नेले, कारण लहानपणी आपण कसे होतो हे सांगणारे माणूस त्यांना हवे असते. शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. चौथीच्या पुस्तकात गुरुजींनी लिहिले होते, "गणितात उत्तम, वर्गात मिसळत नाही." बायकोशी माझ्या अपरोक्ष तासभर बोलले.

निदान हाती आल्यावर हलके वाटेल अशी माझी समजूत होती. पहिला महिना भयंकर राग आला. नजर वर करून बोलत नाही म्हणून वडिलांनी मला मारले होते, ते सगळे आठवले. मग हेही आठवले, की वडील आयुष्यभर एकाच पाटावर, एकाच ताटात जेवले आणि ताट बदलले तर उपाशी उठले. राग कुणावर धरायचा तेच कळेनासे झाले. तुम्ही या वाटेने जाणार असाल, तर तो महिना येऊ शकतो हे मनात धरून ठेवा आणि त्या दिवसांत एकट्या राहू नका. फारच जड झाले तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

बदललेल्या गोष्टी लहान आहेत. कार्यालयात मी एकाच साहेबांना सांगितले आणि विनंती केली, की मला काम तोंडी न सांगता कागदावर द्या. घरी पाहुणे येणार असतील तर बायको आदल्या दिवशी सांगून ठेवते, आणि मी अर्ध्या तासाने उठून आत गेलो तर पाहुण्यांची समजूतही तीच घालते. वीस वर्षे ज्यावरून भांडण होत होते ते एवढ्याने थांबले.

बोरीकाठ

मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक आहे. ३४ वर्षे शिकवले. माझा विरोध नाही, काळजी आहे, आणि ती स्पष्ट लिहितो. भगिनी, तुमची मुलगी आज १३ वर्षांची आहे. सात-आठ वर्षांत तिच्या लग्नाचा विषय निघेल. आपल्याकडे नातीगोती दोन-तीन तालुक्यांत फिरून एकत्र येतात, आणि "तिच्या आईला काहीतरी आहे" हे वाक्य गावोगाव पोहोचायला एक लग्नसराई पुरते. माझ्या वर्गांत अशी मुले असत. एकाला खडूचा कर्कश आवाज सहन होत नसे, एक जण नकाशे पाहत बसे. त्यांना मी पहिल्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसवी, वर्गात अचानक प्रश्न विचारत नसे, आणि ती मुले शिकली, नोकरीला लागली. कुणाच्याही कपाळावर नाव लिहावे लागले नाही. तुमचा संसार चालला आहे, नोकरी चालली आहे. मग नाव कशाला हवे? माझे चुकत असेल तर जाणकारांनी सांगावे, मला वाईट वाटणार नाही.

पांझरा

मी धुळ्याची, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. इथे बसून मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण विचारलेल्या गोष्टींबद्दल माहिती देते.

नावापासून सुरुवात करते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ मध्ये चार मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले मोठ्या माणसांसारखे, पुस्तकी बोलत आणि आपल्या आवडीच्या विषयात खोल जात, म्हणून ते त्यांना छोटे प्राध्यापक म्हणत. चोपड्याच्या गल्लीत तुम्हाला पडलेले मास्तरीण हे नाव मी वाचले तेव्हा हेच आठवले. हे लेखन बराच काळ जर्मन भाषेबाहेर फारसे गेले नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये त्यावर लिहिले आणि ॲस्पर्जर सिंड्रोम हे नाव रूढ झाले. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमावलीत ते १९९४ साली आले आणि २०१३ च्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, निघाले, कारण ॲस्पर्जर कोणता आणि बोलता येणाऱ्या व्यक्तीचा ऑटिझम कोणता हे वेगवेगळे तज्ज्ञ वेगवेगळे ठरवत होते. आता सर्व मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम, आपण मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतो, असे एकच निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनेही तेच धोरण घेतले असून ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. याखेरीज, ॲस्पर्जर यांनी नाझी राजवटीत काही मुलांना व्हिएन्नाच्या ज्या संस्थेत पाठवले तिथे मुलांना ठार मारले जात होते, याचे पुरावे २०१८ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाले. त्यामुळे हे नाव स्वतःला लावून घेणे अनेकांना नकोसे वाटते. ज्यांना त्या नावाने निदान मिळाले होते त्यांपैकी काही जण ते जपतात, आणि मी त्यांना टोकत नाही. तुमच्या अहवालात मात्र ऑटिझम हाच शब्द येईल, हे आधीच माहीत असलेले बरे. तो वाचून धक्का बसल्याचे मी पाहिले आहे.

तुम्ही भरलेली प्रश्नावली बहुधा केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली असावी. तिच्यात ३२ किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासावे, एवढाच त्याचा अर्थ. समाजभय, जुनी चिंता, मंत्रचळ, एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता), लहानपणचे आघात यांनीही गुण वाढतात, आणि यांतले एखादे ऑटिझमसोबतही असू शकते. म्हणूनच प्रत्यक्ष तपासणीत आजचे वागणे, लहानपणचा इतिहास आणि घरच्यांचे म्हणणे अशा तीन अंगांनी पाहतात. ज्याची सुरुवात बालपणात नाही तो ऑटिझम नव्हे. ऑटिझमसाठी गोळी नसते. सोबतच्या चिंतेवर किंवा नैराश्यावर उपचार होतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडच्या मुलींमध्ये हे झाकले जाते ते आपल्याच रीतीभातींनी. खाली मान घालून बोलणारी मुलगी मर्यादशील ठरते. ती नजरेला नजर का देत नाही, हे कोणी विचारत नाही. पाहुणा आला की पाणी द्या, पाया पडा, बरे आहे का विचारा, आत जा. सगळे ठरलेले असते, आणि जे ठरलेले असते ते तुमच्यासारख्या मुली चोख पार पाडतात. अडचण येते ती ठरलेले संपल्यावर, मैत्रिणींच्या घोळक्यात, सासरच्या गप्पांत, शेठजींच्या अर्ध्या वाक्यात. हसण्याची नक्कल करायला शिकल्याचे तुम्ही लिहिले आहे. मोठेपणी शिकलेल्या अशा युक्त्यांखाली लक्षणे झाकली जाऊ शकतात, हे डीएसएम-५ च्या निकषांतच नमूद आहे. आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा असह्य त्रास हाही २०१३ पासून निकषांमध्ये आहे.

कुठे जावे? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या मनोविकार विभागापासून सुरुवात करता येते. पण प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेले लोक आपल्या जिल्ह्यांत कमी आहेत, त्यामुळे नाशिक, पुणे किंवा मुंबईला जाण्याची तयारी ठेवा. वेळ घेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: प्रौढांची तपासणी करता का, भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, आणि लेखी अहवाल देता का. यार्डातला यांना जे ऐकावे लागले ते तुम्हाला ऐकावे लागले, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. शासकीय प्रमाणपत्र ही निदानापेक्षा वेगळी गोष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तुम्हाला त्याची गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. अहवाल तुमचा आहे, तो जिनिंगमध्ये किंवा सासरी दाखवण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही.

बोरीकाठ सर, तुमची काळजी खरी आहे आणि म्हणूनच वरचे शेवटचे वाक्य लिहिले. पण तुम्ही त्या मुलांना भिंतीकडचा बाक दिलात, अचानक प्रश्न विचारले नाहीत, म्हणजे तुम्ही त्यांना ओळखले होते. नाव तुमच्या मनात नव्हते, ओळख होती. चाळिशीच्या बाईला भिंतीकडचा बाक कोणी आपण होऊन देत नाही; तो तिला मागावा लागतो, आणि मागण्यासाठी आधी स्वतःला कळावे लागते की आपल्याला काय हवे आहे.

मुलीविषयी: ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा आहे, परंतु आईला आहे म्हणून मुलीला असेलच असे नाही. आईच्या संगोपनामुळे तो होतो हा समज साफ चुकीचा असून तो कधीच मोडीत निघाला आहे.

गिरणेकाठची

मी चाळीसगावची. माझे वडील घड्याळे दुरुस्त करीत. माझ्या लग्नात ते अक्षता पडेपर्यंत मंडपात होते आणि वाजंत्री सुरू होताच निघून गेले. पंगतीत नव्हते, पाठवणीलाही नव्हते. मी त्यांच्याशी तीन वर्षे नीट बोलले नाही. ते गेल्यावर दुकान आवरताना गल्ल्याखालच्या खणात कापसाचे बोळे भरलेला डबा सापडला. ते दिवसभर कानात बोळे घालून बसत हे मला माहीतच नव्हते. त्यांना काय होते हे आता कोणी सांगू शकणार नाही. ताई, मुलीला सांगायचे का असे तुम्ही विचारले आहे. १३ वर्षांच्या मुलीला आईचा अंधाऱ्या खोलीतला अर्धा तास दिसतच असतो. तिने त्याचा काय अर्थ लावला आहे, एवढे तरी तिला विचारा.

केळफूल

सर्वांची मनापासून आभारी आहे. बोरीकाठ सर, तुमची भीती माझ्याही मनात आहे, म्हणून सासरी मी सध्या कोणालाच सांगणार नाही; यजमानांना मात्र सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की कानबाईच्या रात्री धाब्यावर तुझ्यासाठी सतरंजी कोण टाकून ठेवत होते असे तुला वाटते? मी १७ वर्षे ती तिथे पडलेलीच असते असे समजत होते.

गिरणेकाठची ताई, तुमचे वाचून त्याच रात्री मुलीला विचारले. ती म्हणाली, "तू माझ्यावर रागावून आत जातेस असे मला वाटायचे." हे तिला नेमके कधीपासून वाटत होते, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आता मी आत जाण्यापूर्वी तिला सांगून जाते, आणि ती दाराबाहेर अभ्यासाला बसते.

पुण्याची पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे. पांझरा ताईंनी सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले. शाळेची प्रगतिपुस्तके सापडली नाहीत. त्याऐवजी आईने वडिलांच्या सातबाऱ्याच्या पिशवीतून फण्यांची वही काढून दिली. शेवटच्या पानांवर वडिलांच्या अक्षरात व्यापाऱ्याचे भाव आणि त्यापुढे माझ्या आकड्यांवरून केलेल्या बेरजा आहेत. ते ही वही वापरत होते हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. ती तपासणीला नेली तर चालेल का?

आणखी एक अडचण आहे. आई सोबत यायला तयार आहे, पण तिला मराठीत मोकळे बोलता येत नाही आणि ती सारखी विचारते, "डॉक्टरले अहिराणी समजीन का?" मी शेजारी बसून तिचे मराठीत सांगत जावे का?

पांझरा

वही अवश्य न्या, मूळ वहीच न्या. आईंच्या शेजारी मात्र तुम्ही बसू नका. तुमच्यासमोर त्या हात राखून बोलतील, आणि त्यांचे बोलणे मराठीत आणताना तुम्ही नकळत ते नीटनेटके कराल. भावाला सोबत न्या आणि ते काम त्यांना करू द्या. वेळ घेतली आहे तिथे आजच फोन करून सांगा, की माहिती देणारी व्यक्ती अहिराणी बोलते, म्हणजे ते त्या बैठकीला जास्त वेळ ठेवतील. आईंना पाठ करून काही सांगायला लावू नका. नाशिकला त्या बोलल्या तसेच बोलू द्या.